कुनख : पाप की दुखणे?

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो नखाएवढाच आहे. क्षुल्लकपणाचे माप म्हणून आपली भाषा नखच पुढे करते. अमक्यास तमक्याच्या नखाची सर नाही असे आपण म्हणतो. एखादी वस्तू अगदी थोडी हवी असली तर ती नखभर मागतो. परंतु त्याच भाषेने नखाखालच्या कोवळ्या मांसास 'जिव्हाळी' असे जिवाशी नाते सांगणारे नाव दिलेले आहे. नख स्वतः निर्जीव. ते कापले तरी कळत नाही. त्याच्या खाली बाभळीचे कुसळ शिरले म्हणजे मात्र धट्टाकट्टा मनुष्यही रात्रभर घरात येरझारा घालतो.

इतिहास म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणे, असा आपला समज असतो, व तो पुष्कळसा आम्हा शिक्षकांनीच करून दिलेला आहे. पण दुखण्यांनाही इतिहास असतो. एखाद्या दुखण्याकडे माणसे पूर्वी कशा दृष्टीने पाहत आणि आज कशा दृष्टीने पाहतात, हे समजले म्हणजे माणसांविषयीच काही समजते. नखांच्या इतिहासाकडे मी वळलो तो मात्र विद्वत्तेच्या हौसेने नव्हे, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक प्रथम सांगतो.

ठाण्याच्या खाडीकाठच्या एका प्राथमिक शाळेत मी शिक्षक होतो. साल १९८९, पावसाळ्याचे दिवस. दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांची नखे तपासावयाची, हा आमचा नेम. मुलांनी दोन्ही हात पालथे करून पुढे धरावयाचे, आणि मी फूटपट्टी घेऊन रांगेतून फिरावयाचे. त्या दिवशी कोळीवाड्यातील एका मुलाच्या उजव्या हाताची तीन नखे मला हिरवट-काळी, जाड व वेडीवाकडी दिसली. मी कसलीही विचारपूस न करता त्याच बोटांवर पट्टी मारली. मुलगा रडला नाही. त्याने फक्त हात काखेत दाबून धरला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. ती भांडावयास आली असेल असे मला वाटले. तिने आपले दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. तिचीही नखे तशीच होती. ती म्हणाली, "गुरुजी, मारलंत त्याचं काय नाय. पण माझं पोर घाणेरडं नाय. आम्ही पहाटे चारला उठून बर्फातली कोलंबी सोलतो. त्यानं नखं अशी झालीत."

मला उत्तर सुचले नाही. रोगट नखाला मी घाणेरडे नख समजलो होतो, आणि घाणेरड्या नखाला मनाचा दोष. पुढे निवृत्तीनंतर वाचावयास वेळ मिळाला तेव्हा दिसून आले की, ही चूक माझ्या एकट्याची नाही. ती फार जुनी आहे.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पातकांची फळे सांगितली आहेत. त्यांत सोने चोरणाऱ्यास कुनख, म्हणजे बिघडलेली नखे, प्राप्त होतात असे म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचेही म्हणणे हेच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीस कोणास बसवू नये याची जी यादी आहे, तीत कुनखी मनुष्यही आलेला आहे. म्हणजे ज्याची नखे वाकडी, तो मागल्या जन्मीचा सोनेचोर, आणि म्हणून या जन्मी पंक्तीबाहेर. माझ्यासमोरच्या मुलाच्या अंगावर सोन्याचा मणीदेखील नव्हता. तरी त्याला मीही एका परीने पंक्तीबाहेर काढलेच होते.

परंतु आपल्या परंपरेत एकच आवाज कधीच नव्हता. धर्मशास्त्रकार कुनखाचे मूळ पूर्वजन्मात शोधीत असता वैद्य ते बोटातच शोधीत होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चव्वेचाळीस क्षुद्ररोगांची गणना आहे. क्षुद्र म्हणजे तुच्छ नव्हेत, लहानसहान दुखणी. त्यांत नखांचे दोन रोग आहेत. पहिला चिप्प. नखाच्या मांसात वात व पित्त यांचा कोप होऊन ठणका, आग व पिकणे ही लक्षणे होतात. हेच आपले घरगुती नखुरडे. दुसरा कुनख. त्याचे कारण सुश्रुत एका शब्दात सांगतो : अभिघात. म्हणजे मार लागणे. मार लागून बिघडलेले नख रुक्ष, काळे व खरखरीत होते, एवढेच त्याचे म्हणणे. तेथे पाप नाही, चोरी नाही, मागला जन्म नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. नख मार लागल्याने बिघडते असे सुश्रुत सांगत होता, आणि मी बिघडलेल्या नखावरच मारले होते.

सुश्रुताची चिकित्सा आजही वाचण्यासारखी आहे. चिप्प झालेले बोट ऊन पाण्याने शेकावे, दूषित भाग कापून स्राव वाहू द्यावा, घाण्याचे ताजे तेल लावावे आणि वर राळेची पूड टाकावी. आजचा शस्त्रवैद्य पिकलेल्या नखुरड्यास काय करतो? ऊन पाण्याचा शेक देतो, पू साचला असेल तर बारीक छेद देऊन त्यास वाट करून देतो, आणि वर स्वच्छ पट्टी बांधतो. बधिर करण्याची सुई, जंतुनाशके व प्रतिजैविके ही भर मोठीच आहे. पण पुवाला वाट द्यावी हे तत्त्व तेच आहे. सुश्रुताने शस्त्रक्रियेची वीस शस्त्रे सांगितली आहेत. त्यांत एकाचे नावच नखशस्त्र असे आहे. चरकसंहितेत तर केस, दाढी व नखे पक्षातून तीनदा, म्हणजे सुमारे दर पाच दिवसांनी, काढावीत असा दंडक आहे. वैद्याने रोग्याकडे जाताना आपली नखे आखूड ठेवावीत, हेही सुश्रुताने सांगून ठेवले आहे.

पोथीतले हे ज्ञान गावात कोणाच्या हाती राहिले? तर न्हाव्याच्या. बारा बलुतेदारांतील हा कारागीर आपल्या धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा व साहण यांबरोबर एक लहानसे हत्यार बाळगी. त्याचे नाव नऱ्हाणी. जिव्हाळीस धक्का न लावता नखाचा वाढलेला भाग नेमका कोरून काढणे, हे तिचे काम. रुतलेल्या नखाची कड उचलून देणे, पायाच्या कुरुपाचा वरचा थर तासणे, तुंबडी लावणे, ही कामेही त्याच्याकडेच येत. मोबदला म्हणून सुगीत धान्य मिळे. त्या हातांत कसब होते, यात संशय नाही. परंतु एकच नऱ्हाणी सगळ्या गावाच्या बोटांतून फिरे. दुखऱ्या नखावरून चांगल्या नखावर रोगाचे बीज जाते, हे ना न्हाव्यास ठाऊक होते, ना गावास. आजही एकच नखकातर सगळे घर वापरते, तेव्हा पूर्वजांना हसण्याचा अधिकार आपणास नाही.

घरात वैद्यकी होती ती आजीची. रात्री नखे काढू नयेत, हा तिचा दंडक. त्यामागे अपशकुनाची भीती सांगत. पण समईच्या मिणमिणत्या उजेडात धारेचे हत्यार बोटाशी नेऊ नये, एवढे शहाणपण तीत आपल्याला सहज पाहता येते. नखुरडे झाले की लिंबाला भोक पाडून त्याची टोपी बोटावर चढवीत. कोणी कणीक-हळदीचे पोटीस बांधी, कोणी मिठाच्या कढत पाण्यात बोट बुडवावयास लावी. यांपैकी ऊन पाण्याचा शेक खरोखर उपयोगी आहे. लिंबाने पू जिरत नाही. बोटाला विसावा व धक्क्यापासून संरक्षण मिळते, एवढाच काय तो लाभ. जखमेत शेण, तंबाखू किंवा चुलीतली राख भरण्याची चाल मात्र घातकच होती. तीतून धनुर्वाताचे बीज शरीरात शिरण्याचा धोका असे.

नखाचे दुखणे ज्याचे त्याला भोगावे लागते. नखातला मळ मात्र दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. या गोष्टीचा आपल्या कल्याणशी एक हृद्य संबंध आहे. सुश्रुताने शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी चार वयस्क, कुशल व नखे कापलेल्या स्त्रिया जवळ असाव्यात असे सांगितले आहे. नखे कापलेल्या, हे विशेषण त्याने मुद्दाम घातले. पुढे हा नेम विसरला गेला, आणि तो केवळ हिंदुस्थानातच नव्हे. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींस तपासीत. तेथे सूतिकाज्वराने स्त्रिया पटापट मरत. १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टरने, चुनकळीत क्लोरीन मिसळून केलेल्या द्रावणात हात धुतल्यावाचून कोणी बाळंतिणीस शिवू नये, असा नियम केला. त्या एप्रिलात शेकडा अठरांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास आले. तरी समव्यवसायींनी त्याची उपेक्षाच केली, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

त्याच १८६५ साली, मार्च महिन्यात, कल्याण येथे यमुना नावाची मुलगी जन्मली. तिलाच आपण डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व, आणि दहा दिवसांत ते मूल गेले. योग्य वैद्यकी मदत मिळाली असती तर ते वाचते, या वेदनेतून ती १८८३ साली अमेरिकेस गेली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली तिने पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय होता, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास तिचा अंत झाला. कल्याणच्या मुलीने जुने प्रसूतिशास्त्र नव्या विद्यापीठापुढे मांडावे, आणि त्या शास्त्रात सुइणीच्या नखांचा विचार आधीच झालेला असावा, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. शाळेतील नखतपासणीचे खरे प्रयोजन हेच आहे : मळ रोगाचे वाहन होतो, म्हणून नखे आखूड ठेवावयाची. मुलाला लाजविण्यासाठी नव्हे.

आता नवे वैद्यक नखांविषयी काय सांगते, ते पाहू. नख म्हणजे केसाच्या व शिंगाच्या जातीचे कठीण द्रव्य. बोटाच्या कातडीखाली त्याचे मूळ असते, आणि तेथून ते हळूहळू पुढे सरकते. हाताचे नख महिन्यास सुमारे तीन मिलिमीटर वाढते. पायाचे त्याच्या निम्मेही नाही. म्हणून हाताचे नख पुरते नवे होण्यास सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचे नख नवे होण्यास वर्ष ते दीड वर्ष. बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने १९४१ सालापासून सुमारे पस्तीस वर्षे आपल्या अंगठ्याच्या नखाची वाढ मोजली. तरुणपणी ते दिवसास ०·१२३ मिलिमीटर वाढे, सदुसष्टाव्या वर्षी ०·०९५. म्हातारपण नखातूनही मोजता येते, हे ऐकून आम्हा वृद्धांनी दचकावयाचे कारण नाही. नखे काढण्याचे श्रम तेवढेच कमी.

ही वाढ संथ आहे म्हणूनच नख ही शरीराची रोजनिशी ठरते. १८४६ साली फ्रेंच वैद्य बो यांनी दाखवून दिले की, कडक ताप किंवा मोठे आजारपण येऊन गेले म्हणजे नखांवर आडवी खाच पडते, आणि ती नखाबरोबर पुढे सरकते. खाच किती पुढे गेली यावरून आजार केव्हा झाला हे ताडता येते. बोटांची टोके फुगून नखे घड्याळाच्या काचेसारखी गोल झाली तर छातीत रोग असू शकतो, हे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यास ख्रिस्तापूर्वीच्या काळी ठाऊक होते. नख पळीसारखे खोलगट झाले तर रक्तात लोह कमी असण्याचा संभव असतो. नखांवरचे पांढरे ठिपके मात्र चुन्याच्या कमतरतेचे नव्हेत. बहुधा ते लहानशा धक्क्याचे चिन्ह असते. नखावर एकच काळी उभी रेघ उमटली व ती रुंदावू लागली, किंवा तो काळेपणा कातडीवरही पसरला, तर मात्र एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे. क्वचित तो कर्करोग असतो.

सर्वांत अधिक आढळणारे दुखणे बुरशीचे. नख पिवळट होते, जाड होते, कडेने भुसभुशीत होऊन तुटते. आपल्या ठाणे जिल्ह्यात भातलावणीच्या दिवसांत पायांच्या बेचक्यांत चिखल्या होत, व बायका त्यांवर मेंदीचा पाला वाटून लावीत. आज शेते आटली. पण डोंबिवलीहून मुंबईस जाणारा चाकरमानी पावसाळ्यात ओले बूट नि ओले मोजे घालूनच दिवस काढतो. बोटांच्या बेचक्यांत धरलेली बुरशी तेथून नखात शिरते. पूर्वी यावर नख उपटून काढण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता, आणि उपटलेल्या नखाच्या जागी पुष्कळदा रोगटच नख येई. १९३९ साली एका बुरशीतूनच ग्रिसिओफल्विन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. परंतु ते पोटात दिल्याने कातडीवरची बुरशी बरी होते, हे सिद्ध होण्यास १९५८ साल उजाडले. त्यानंतर १९९०च्या दशकात टर्बिनाफिन आले, आणि इलाजाचा काळ पुष्कळ कमी झाला. हाताच्या नखांस सुमारे सहा आठवडे, पायाच्या नखांस बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. यकृताकडे लक्ष ठेवावे लागते, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. शिवाय बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांत कोठे सोरायसिस असतो, कोठे घट्ट बुटाचा दाब. म्हणून नखाचा कीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच औषध सुरू करणे शहाणपणाचे. औषध संपले तरी नख लगेच सुधारलेले दिसत नाही. नवे नख उगवेपर्यंत धीर धरावा लागतो.

दुसरे नित्याचे दुखणे पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतण्याचे. त्याचे कारण पुष्कळदा आपली कातर असते. कोपरे गोल कापले म्हणजे वाढणारी कड मांसात घुसते. पायाची नखे सरळ रेषेत कापावीत. कोपरे कोरू नयेत. हट्टी रुतलेल्या नखाची कड काढून तिच्या मुळाशी फिनॉल लावण्याची रीत १९४५पासून रूढ झाली. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर पायाच्या नखाशी घरी खटाटोप करूच नये. त्यांच्या पायाला पुष्कळदा वेदना कळत नाही, आणि न कळणारी जखमच बोट घेऊन जाऊ शकते.

तिसरे दुखणे त्या मुलाचे. त्याच्या आईस व त्यास घेऊन मी पालिकेच्या दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी दोघांचे हात उजेडात धरून पाहिले, आणि मला उद्देशून म्हणाल्या, "गुरुजी, हा मळ नाही. हात सतत पाण्यात राहिले की नखाच्या मुळाशी कातडीची जी चिकटलेली कड असते ती सुटते. त्या फटीत पाणी मुरते नि बुरशी धरते. धोबी, भांडीवाल्या बाया, स्वयंपाकी, कोळणी, सगळ्यांना हे होते." औषध साधे होते. जांभळे जेन्शन व्हायोलेट लावावयाचे, हात कोरडे ठेवावयाचे, आतून सुती व वरून रबरी हातमोजे वापरावयाचे. आई हसली. म्हणाली, "बाई, मोजे घालून कोलंबी सोलली तर दिवसाला एक टोपलीबी व्हायची नाय."

पुढचे थोडक्यात सांगतो. मुलाला पहाटेच्या कामातून सोडवावे म्हणून मी त्याच्या बापाशी बोललो, व तो ऐकला. दिवाळीपर्यंत नखांच्या मुळाशी गुलाबी कड दिसू लागली. संक्रांतीच्या सुमारास तिन्ही नखे नवी झाली. त्याने ती मला मुद्दाम दाखविली. हात पालथे न करता, सरळ माझ्या हातात देऊन. त्याच्या आईची नखे मात्र मी शेवटपर्यंत तशीच पाहिली. तिच्या दुखण्याचे औषध ठाऊक होते, स्वस्त होते. पण हात कोरडे ठेवणे तिला परवडणारे नव्हते.

सोमवारची तपासणी मी बंद केली नाही. फूटपट्टी मात्र टेबलाच्या खणात ठेवून दिली. रांगेपुढे उभा राहून प्रथम मी माझे हात मुलांना दाखवीत असे. मग एकेकाचे पाहत असे. बिघडलेले नख दिसले तर एकच प्रश्न विचारीत असे : "दुखतं का रे?"

श्रोतेहो, कुनखाकडे पाप म्हणून पाहणारी दृष्टी जुनी आहे, आणि दुखणे म्हणून पाहणारी दृष्टीही तितकीच आपली आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे, मासे आणून देणाऱ्या कोळणीचे हात उद्या आपल्या दृष्टीस पडतील. त्यांची नखे काळी दिसली, तर नाक मुरडण्यापूर्वी तो प्रश्न आपणही विचारून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.